बी.एड.च्या इंटर्नशिपमधून शाळेने काढलं. आता काय करू?

खडूची_धूळ | मंगळवार, रात्री ११.४०

नमस्कार. इथे दोन-तीन वर्षं नुसती वाचते आहे, लिहितेय आज पहिल्यांदाच.

मी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, मेथड (म्हणजे शिकवायचे विषय) इतिहास आणि मराठी. राहते ठाण्यात, वर्तकनगरला. जुलैपासून नवी मुंबईतल्या एका शाळेत इंटर्नशिप चालू होती, सहावा आठवडा होता. एके संध्याकाळी ट्रान्सहार्बरने ठाण्याला उतरले आणि पुलावरच कॉलेजच्या समन्वयक मॅडमचा फोन आला. "शाळेने कळवलंय, उद्यापासून तुला पाठवू नका. कॉलेजला ये, मग बोलू." एवढंच. त्या दिवशी दुपारपर्यंत मी त्याच शाळेत होते, दोन तास घेतले होते, मुख्याध्यापिका बाई जिन्यात समोरून गेल्या होत्या. कोणी काही बोललं नाही.

आज नऊ दिवस झाले. कॉलेजला एकदा जाऊन आले, मॅडम रजेवर होत्या. घरी सांगितलेलं नाही. रोज सकाळी सहा वीसला साडी नेसून, डबा घेऊन निघते आणि तलावपाळीच्या कट्ट्यावर जाऊन बसते. पाऊस आला की कौपिनेश्वराच्या देवळात. दीड वाजला की घरी. पिशवीत टाचण वही (पाठ कसा घ्यायचा ते आधी लिहून काढायची) तशीच आहे, पुढच्या तीन पाठांची टाचणं काढून तयार.

बी.एड. यातून वाचेल का? घरी कसं सांगायचं? आणि रात्री झोप लागत नाही तो प्रश्न असा, की सहा आठवड्यांत एका शाळेला मी नकोशी झाले, तर मी शिक्षिका व्हायचा हट्ट धरावा का? इथे कोणाच्या वाट्याला असं आलं असेल तर सांगा.

---

पाचवीची_आई | मंगळवार, रात्री ११.५८

अगं, आधी जेवलीस का आज? कट्ट्यावर बसून डबा खाल्लास की तसाच परत नेलास?

---

बोका_ऐरोली | बुधवार, सकाळी ७.१५

या शाळांना छात्राध्यापक म्हणजे फुकटचे हात मिळतात. कोणी रजेवर गेलं की बदली तासाला पाठवायचं, पेपर तपासून घ्यायचे, संमेलनाच्या तालमी घ्यायला लावायच्या. आणि काम झालं की हाकलायचं. माझ्या बहिणीला शाळेने दोन महिने वर्ग सजवायला ठेवलं होतं, अक्षरशः कात्री आणि घोटीव कागद. तू रडत बसू नकोस, सरळ तक्रार कर.

---

नौपाडेकर | बुधवार, सकाळी ९.०२

मी चौतीस वर्षं शिकवलं, त्यातली शेवटची सहा पर्यवेक्षक म्हणून. छात्राध्यापकांचे किती गट आले-गेले याची गणती नाही. शाळा सहजासहजी कोणाला परत पाठवत नाही, कारण त्याने कॉलेजशी संबंध बिघडतात आणि पुढच्या वर्षीचे तास कोण घेणार हा प्रश्न उभा राहतो. म्हणून विचारतो, राग मानू नका. त्या दिवशी किंवा त्या आठवड्यात काय घडलं? टाचणांवर मार्गदर्शक शिक्षिकेची सही होत होती का? शाळेत वेळेवर पोचत होतात का? तुमच्या पोस्टमध्ये यातलं काहीच नाही.

---

घणसोलीकर | बुधवार, सकाळी ९.३१

नौपाडेकर सर, मुलगी नऊ दिवस देवळात बसलीय आणि तुम्ही तिची उलटतपासणी घेताय?

---

नौपाडेकर | बुधवार, सकाळी १०.१०

घणसोलीकर, कारण समजल्याशिवाय तिला उद्या दुसऱ्या शाळेत पाठवलं तर तिथेही तेच होईल. मला ते नको आहे, म्हणून विचारलं.

---

खडूची_धूळ | बुधवार, दुपारी २.२०

पाचवीची आई, डबा खाल्ला. माशांना पोळी नाही घातली :)

नौपाडेकर सर, राग नाही आला. खरं सांगते.

आठवी ब, १८५७चा पाठ. दोन दिवस आधी मी तोच भाग आठवी अ ला नेहमीसारखा, कारणं फळ्यावर लिहून शिकवला होता. राजकीय कारणं, आर्थिक कारणं, लष्करी कारणं. मुलांनी उतरवून घेतलं, एकही प्रश्न नाही. ब ला मी वेगळं करायचं ठरवलं. वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात खडूने मोठा नकाशा काढला आणि मुलांचे गट केले: शिपाई, शेतकरी, संस्थानिक, कारागीर आणि कंपनी सरकार. प्रत्येक संस्थान नकाशावर एक पाट ठेवून दाखवलं. पाट आमच्याच घरचे, चार मी ठाण्याहून पिशवीतून नेले होते. कंपनीच्या गटातल्या मुलाने एकेक पाट उचलायचा आणि का उचलला ते सांगायचं. १८४८, सातारा. गादीला औरस वारस नाही, दत्तक मान्य नाही, पाट उचल. ज्याचा पाट गेला त्याने उभं राहून सांगायचं की आता माझ्या पदरी असलेल्या शिपायांचं काय, कारागिरांचं काय.

मागच्या बाकावर बसणारा एक मुलगा आहे, सहा आठवड्यांत माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. त्याचा पाट उचलला तेव्हा तो म्हणाला, "बाई, पण मी काहीच केलं नव्हतं." आणि सगळी मुलं एकदम ओरडायला लागली, "खालसा! खालसा!" मला इतका आनंद झाला की मी त्यांना थांबवलं नाही. दोन मिनिटं असतील, तीन असतील.

शेजारी सातवीची घटक चाचणी चालू होती. फळ्यावरच्या सूचनांत सकाळी लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. सातवीच्या बाई बाहेर आल्या, काही न बोलता आमच्याकडे बघितलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

आणि हो सर, त्या पाठाच्या टाचणावर सही नव्हती. आधीच्या तीनवरही नव्हती. मार्गदर्शक बाई दोन दिवस आधी मागायच्या, मी आदल्या रात्री काढायचे. दोनदा उशीरही झाला. पावसाने गाड्या रखडल्या होत्या, पण मी निघतेच शेवटच्या गाडीने, ही माझीच चूक.

हे मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर तुम्ही सगळे म्हणाला असतात की बरोबरच केलं शाळेने.

---

घणसोलीकर | बुधवार, दुपारी २.४५

मी तरी नसतं म्हटलं. पाटांची कल्पना मला चाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा खालसा धोरण समजावून गेली.

---

त्रिज्या | बुधवार, रात्री ९.५०

माझी गोष्ट सांगतो. ती तुझ्याइतकी निरागस नाही.

२०१२. तेव्हा बी.एड. एक वर्षाचं होतं. मेथड गणित, शाळा नेरूळची. नववीत एक मुलगा सारखा मागून आवाज काढायचा. एके दिवशी माझा पाठ बघायला कॉलेजचे सर मागे बसलेले, आणि हा चालूच. मी त्याच्या हातावर लाकडी फूटपट्टी मारली. एकदाच, पण पट्टी आडवी लागली आणि बोटाच्या सांध्यावर वळ उठला. वर्ग एकदम शांत. मला वाटलं, जमलं. सरांनी निरीक्षण वही मिटली आणि बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी मला बोलावून सांगितलं की शाळेत यायचं नाही. शिक्षण हक्क कायदा लागू होऊन दोन वर्षं झाली होती, त्यातलं सतरावं कलम मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्याला मनाई करतं. मी परीक्षेसाठी ते पाठही केलं होतं. आठ गुणांचं उत्तर मी छान लिहू शकत होतो.

मला काढलं ते बरोबर होतं. हे म्हणायला मला दोन वर्षं लागली. तोपर्यंत मी सगळ्यांना सांगत होतो की राजकारण झालं. महिनाभर घरी बसलो, मग कॉलेजने दुसरी शाळा दिली आणि राहिलेले पाठ तिथे पुरे केले. त्या मुलाला भेटून माफी मागितली, त्याच्या घरी जाऊन, आईसमोर. त्याने हात पुढे केला आणि मला बोट वाकवून दाखवलं, "सर, दुखत नाही आता."

आज अकरावं वर्ष, गणितच शिकवतो. माझ्या टेबलावर लाकडी पट्टी नसते, फळ्यावर रेघ मारायला पुठ्ठ्याची पट्टी करून घेतली आहे.

तू टाचणांचं आणि उशिराचं इथे लिहिलंस. मला दोन वर्षं लागली, तुला नऊ दिवस. शिक्षिका व्हावं का, हा तुझा प्रश्न होता ना? माझ्यापुरतं उत्तर मला मिळालं.

---

समईची_ज्योत | गुरुवार, सकाळी ११.०५

मी बी.एड. कॉलेजात शिकवते (तुझ्या नाही), त्यामुळे नियमांचं बोलते.

बी.एड. जाणार नाही. तू शाळेची कर्मचारी नाहीस, कॉलेजची विद्यार्थिनी आहेस. शाळा इतकंच म्हणू शकते की आमच्याकडे नको. तुझ्या पदवीचं ती ठरवत नाही. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४च्या नियमावलीने अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला आणि त्यात शालेय इंटर्नशिप किमान २० आठवड्यांची आली. ते आठवडे भरले पाहिजेत, पाठ झाले पाहिजेत. राहिलेले आठवडे कुठे आणि कसे भरायचे, ही सोय कॉलेजने करायची असते.

पण आपणहून कोणी करेल म्हणून थांबू नकोस. उद्याच प्राचार्यांच्या नावे अर्ज लिही. त्यात दोन गोष्टी माग: शाळेने काय कारण कळवलं ते लेखी मिळावं, आणि उरलेल्या आठवड्यांसाठी दुसरी शाळा मिळावी. झालेल्या सहा आठवड्यांच्या हजेरीची आणि निरीक्षण झालेल्या पाठांची नोंद ग्राह्य धरा, असंही लिही. ते विसरतात आणि मग पोरं पुन्हा शून्यापासून पाठ घेत बसतात. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.

अर्जात शाळेची बदनामी करू नकोस आणि स्वतःलाही फटके मारू नकोस. जे झालं ते तारखेनिशी, आठ-दहा ओळींत. एवढं करून कॉलेज हललंच नाही तर प्रत्येक कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी, यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०२३चे नियम तसं सांगतात. पण तिथपर्यंत वेळ येत नाही बहुतेकदा. समन्वयकांनाही प्रकरण मिटवायचंच असतं.

---

कोलशेतची_मैना | गुरुवार, दुपारी १.३०

थोडं अवांतर. ती टाचण वही! डावीकडे उद्दिष्टं आणि स्पष्टीकरणं, उजवीकडे शिक्षककृती-विद्यार्थीकृती, आणि "विद्यार्थी संभाव्य उत्तर देतील" या रकान्यात आपणच लिहायचं काय उत्तर देतील ते. माझ्या सूक्ष्म अध्यापनाच्या पाठात एका पोराने (तो वर्गमित्रच, विद्यार्थी झालेला) संभाव्य उत्तर सोडून दुसरंच दिलं आणि मी त्याला म्हणाले, "असं नाही लिहिलंय." अख्खा वर्ग हसला. आजही भेटलो की तो मला हेच म्हणतो.

---

ट्रान्सहार्बरवाला | गुरुवार, दुपारी २.००

मैना, आमच्यात एकाने चेतक बदल कौशल्य (आवाज, हावभाव बदलत मुलांचं लक्ष टिकवायचं) दाखवायला एका पाठात इतके आवाज बदलले की निरीक्षक मॅडमनी शेरा दिला, "घसा सांभाळा."

---

पाचवीची_आई | गुरुवार, दुपारी ३.४०

मी शिक्षिका नाही, पालक म्हणून लिहिते. लेकीच्या शाळेत मागच्या वर्षी छात्रशिक्षक आले होते. लेक घरी येऊन रोज सांगायची, नव्या बाईंनी असं केलं, तसं केलं. मग त्या गेल्या आणि वर्गशिक्षिकेने तोच धडा पुन्हा पहिल्यापासून घेतला, परीक्षेत लिहिता येईना म्हणून. तेव्हा मला बाईंचा राग आला होता. आता हा धागा वाचून वाटतं, दोन्ही बायांचं ओझं मला दिसलं नव्हतं.

खडू, घरी आज सांग. रोज साडी नेसून निघणं फार जड असतं बाळा.

---

नौपाडेकर | गुरुवार, रात्री १०.२५

तुमचं उत्तर दोनदा वाचलं. आता शाळेची बाजू आणि माझी बाजू, दोन्ही सांगतो.

छात्राध्यापक आले की शिक्षकाचे तास जातात आणि पोर्शन मागे पडतो. मुलं परीक्षेत अडली की पालक आमच्या दारात येतात, छात्राध्यापकाच्या नाही. टाचण दोन दिवस आधी मागायचं कारण हेच, की मार्गदर्शक बाईंनी तुमचं टाचण पाहिलं असतं तर त्या एका वाक्यात म्हणाल्या असत्या, "गुरुवारी शेजारी चाचणी आहे, हा पाठ शुक्रवारी घ्या." पाट राहिले असते, ओरडणं राहिलं असतं, आणि तुम्हीही राहिला असता. सही म्हणजे कागदाचा सोपस्कार वाटतो. ती वाचलेल्याची खूण आहे.

तुमचा पाठ मात्र चांगला होता. आठवीला खालसा धोरण मी इतकी वर्षं शिकवलं, कोणा मुलाने मला "मी काहीच केलं नव्हतं" असं म्हटलं नाही.

आता माझी बाजू. पर्यवेक्षक असताना मी दोघांना परत पाठवलं. एकाला समोर बसवून सांगितलं, चहा दिला, काय चुकलं ते वहीत लिहून दिलं. दुसरी मुलगी होती. तिच्या वर्गात गोंधळ व्हायचा आणि ती रडायची. शनिवार होता, मला गडकरीला नाटकाला जायचं होतं, मी कॉलेजला फोन करून मोकळा झालो. सोमवारी ती आली, कारण तिला कोणी कळवलंच नव्हतं. फाटकावर शिपाईमामांनी सांगितलं तिला. मी वरच्या खिडकीतून पाहिलं. छत्री उघडायची राहिली तिची, तशीच भिजत गेली. मी खाली उतरलो नाही.

तुम्हाला पुलावर फोनवर सांगितलं गेलं, हे चूक झालं. तुमच्या टाचणांच्या चुकीपेक्षा मोठी चूक. त्या मुलीला मला हे सांगता आलं नाही, तुम्हाला सांगतो.

---

घणसोलीकर | गुरुवार, रात्री १०.४०

सर, बुधवारी तुमच्यावर चिडलो होतो. माफ करा.

---

बोका_ऐरोली | शुक्रवार, सकाळी ८.००

मी अजूनही म्हणतो, मार्गदर्शक बाईंनी सही नाही म्हणून पहिल्याच टाचणाला अडवायला हवं होतं. चार पाठ होऊ दिले आणि मग बाहेर काढलं, याला मार्गदर्शन म्हणत नाहीत.

---

समईची_ज्योत | शुक्रवार, सकाळी ८.४५

बोका, हे पटलं. सहा आठवड्यांत एकदा तरी तिला बसवून "हे सुधार" असं सांगितलं गेलं होतं का, हे अर्जात जरूर यावं. आणि खडू, झोप लागत नाही लिहिलंस. फार दिवस असंच चाललं तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. माझ्या विद्यार्थ्यांना मी वर्गातच लिहून देते.

---

खडूची_धूळ | पुढचा गुरुवार, रात्री ९.१५

उशीर झाला उत्तर द्यायला. सगळ्यांचं सगळं वाचलं, काही दोनदा.

शुक्रवारी रात्री घरी सांगितलं. बाबांना सांगायचं म्हणून हॉलमध्ये गेले, तर आई स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "साड्या मी धुते. आठवडाभर पदराला खडू नाही. मला वाटलं तू आपणहून सांगशील." ती थांबली होती. बाबा काही बोलले नाहीत. सकाळी सहा वीसला उठून त्यांनी चहा केला आणि मला उठवलंच नाही.

सोमवारी अर्ज दिला, आवक क्रमांक घेतला. मॅडम आधी जरा कडक बोलल्या, मग अर्ज वाचून गप्प झाल्या. शाळेचं पत्र दाखवलं. "पूर्वसूचना व मान्यतेशिवाय अध्यापन, वर्गनियंत्रणाचा अभाव, वक्तशीरपणाचा अभाव." तीन कारणं. इतके दिवस मनात मी तीनशे कारणं काढली होती. माझा आवाज, माझी साडी, माझं मराठी, माझं घर. पत्रात त्यातलं एकही नव्हतं. पहिलं आणि तिसरं खरं आहे. दुसऱ्याबद्दल मॅडमना म्हटलं की सहा आठवड्यांत माझे दोनच पाठ बघितले गेले. त्यांनी ते लिहून घेतलं.

सातवीच्या बाईंना भेटायला गेले होते, शाळेच्या वेळेनंतर, फाटकाबाहेर. चाचणीत व्यत्यय आणला म्हणून माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माझी पोरं पेपर सोडून खिडकीतून तुझे पाट बघत होती." हसल्या नाहीत, पण माझे पाट स्टाफरूममध्ये ठेवले होते ते आणून दिले. चारही.

कळव्याची शाळा मिळाली आहे, झालेले सहा आठवडे धरले आहेत. सोमवारपासून. तिथे आठवीचा पाठ मागे आहे, मला १८५७च मिळालंय. पुन्हा पाट न्यावेत की यावेळी फळ्यावरच घ्यावं, ठरत नाहीये. टाचण रविवारी काढून इथे टाकलं तर कोणी बघाल का?

---

त्रिज्या | गुरुवार, रात्री ९.३०

पाट ने.

---

पाचवीची_आई | गुरुवार, रात्री ९.३३

आईला माझा नमस्कार सांग.

---

नौपाडेकर | गुरुवार, रात्री १०.०५

पाट न्या. पण शनिवारीच शाळेत जाऊन सूचनाफलक वाचून या आणि शेजारच्या वर्गात त्या तासाला काय आहे ते विचारा. टाचण रविवारी नको, उद्या रात्रीपर्यंत टाका. मी वाचतो, म्हणजे शनिवारी तिथल्या बाईंच्या सहीला तुमच्या हातात असेल.

---

खडूची_धूळ | शुक्रवार, रात्री ८.५०

टाकलं सर. खालच्या प्रतिसादात आहे. "विद्यार्थी संभाव्य उत्तर देतील" हा रकाना एका ठिकाणी कोरा ठेवलाय, जिथे पाट उचलला जातो तिथे.

---

नौपाडेकर | शुक्रवार, रात्री ९.४०

वाचलं. दुसऱ्या पानावर वेळेचं गणित चुकलंय, चाळीस मिनिटांचा तास पंचावन्न मिनिटांचा झालाय. संस्थानं पाचाऐवजी तीन घ्या. कोरा रकाना तसाच ठेवा.